रूपांतरित खडकांतली किरणोत्सारी उष्णता: कशी शोधावी, कशी मोजावी, कशी वाचावी

खडक जितका खोल गेला आणि जितका तापला, तितकी त्यातली किरणोत्सारी मूलद्रव्यं बाहेर पडली, म्हणून खालचं भूकवच किरणोत्सारी उष्णतेत गरीब. भूविज्ञान शिकताना हे विधान इतक्या वेळा कानावर पडतं की ते तपासून पाहावं असं वाटतच नाही. मला ते तपासावंसं वाटलं ते एका साध्या गोष्टीमुळे. ८०० अंशांच्या वर तापून गेलेल्या, गार्नेट या खनिजाने भरलेल्या एका नीसचं (पट्टेदार रूपांतरित खडकाचं) रासायनिक विश्लेषण हातात आलं आणि त्यातलं थोरियम साध्या शेलपेक्षा (चिकणमातीच्या गाळाच्या खडकापेक्षा) जास्त निघालं. चूक प्रयोगशाळेची नव्हती. चूक माझ्या गृहीतकात होती.

हा लेख त्या गृहीतकाऐवजी काय करायचं याबद्दल आहे. तुमच्यासमोर रूपांतरित खडकांचा, म्हणजे उष्णता आणि दाबाने बदललेल्या खडकांचा, एखादा प्रदेश आहे आणि त्यातून किती उष्णता निर्माण होते, रूपांतरणात ती वाढली, घटली की तशीच राहिली, हे तुम्हाला ठरवायचं आहे, असं समजून पुढच्या पायऱ्या लिहिल्या आहेत.

आधी थोडी पार्श्वभूमी

कवचातली किरणोत्सारी उष्णता जवळजवळ सगळी चार समस्थानिकांकडून येते. युरेनियम-२३८ चा अर्धायुकाल ४.४७ अब्ज वर्षं, युरेनियम-२३५ चा ०.७० अब्ज, थोरियम-२३२ चा १४.०५ अब्ज आणि पोटॅशियम-४० चा १.२५ अब्ज. निसर्गातल्या पोटॅशियमपैकी फक्त ०.०११७ टक्के पोटॅशियम-४० असतं, पण पोटॅशियम स्वतःच इतकं मुबलक आहे की तेवढंही हिशेबात धरावं लागतं.

१९०३ साली पिएर क्युरी आणि अल्बेर लाबोर्द यांनी रेडियम सतत उष्णता सोडत राहतं हे दाखवलं. तीनच वर्षांनी, १९०६ मध्ये, रॉबर्ट स्ट्रट यांनी निरनिराळ्या खडकांतलं रेडियम मोजलं आणि लगेच एक अडचण मांडली: पृष्ठभागावरच्या खडकांत जेवढं रेडियम आहे तेवढं संपूर्ण पृथ्वीत असतं, तर जमिनीतून बाहेर येणारी उष्णता प्रत्यक्षापेक्षा कितीतरी जास्त असती. म्हणजे ही मूलद्रव्यं वरच्या थरात एकवटलेली असली पाहिजेत.

हाच युक्तिवाद आजच्या आकड्यांत करून बघा. वरच्या कवचाची सरासरी उष्णतानिर्मिती दर घनमीटरला सुमारे १.६५ मायक्रोवॅट आहे. ४० किलोमीटर जाडीचं सगळं कवच तसंच मानलं, तर एकट्या कवचातून दर चौरसमीटरला ६६ मिलिवॅट उष्णता येईल. प्राचीन, स्थिर ढालप्रदेशांत (खंडांच्या जुन्या गाभ्यांत) प्रावरणातून, म्हणजे कवचाखालच्या थरातून, येणारी उष्णता धरूनसुद्धा एकूण प्रवाह ४० मिलिवॅटच्या आसपास भरतो. तेव्हा खालचं कवच उष्णतेच्या बाबतीत गरीब आहे यात शंका नाही. सरासरी अंदाजही तेच सांगतात: मधलं कवच साधारण १.०, खालचं ०.२ मायक्रोवॅट.

पण ते गरीब का आहे? इथेच दोन वेगळी उत्तरं एकमेकांत मिसळली जातात. एक म्हणजे रूपांतरणाने मूलद्रव्यं हाकलली. दुसरं म्हणजे खालचं कवच मुळातच बेसाल्टसारख्या, ही मूलद्रव्यं कमी असलेल्या खडकांचं बनलेलं आहे. मोजमाप या दोन उत्तरांत फरक करू शकेल अशा पद्धतीने झालं नाही, तर सगळं काम करून हाती काही लागत नाही. पुढची प्रत्येक पायरी या एका प्रश्नाभोवती आहे.

पायरी १: मूळ खडक कोणता होता ते आधी ठरवा

रूपांतरणाची पातळी, म्हणजे खडक किती तापला-दाबला गेला ते, बघण्याआधी हे करायचं. उष्णतानिर्मितीतला सर्वांत मोठा फरक मूळ खडकामुळे पडतो. शेलपासून झालेला शिस्ट आणि बेसाल्टपासून झालेला अँफिबोलाइट एकाच तापमानाला, एकाच दाबाखाली, एकमेकांशेजारी बनलेले असतात, आणि तरी त्यांच्या उष्णतानिर्मितीत पाच-दहा पटींचा फरक असतो. संगमरवर आणि शुद्ध क्वार्ट्झाइट आणखी खाली. सेंद्रिय कार्बनने काळ्या पडलेल्या शेलपासून झालेला ग्रॅफाइटयुक्त शिस्ट युरेनियममध्ये सगळ्यांच्या पुढे जाऊ शकतो, कारण ऑक्सिजन नसलेल्या समुद्रतळावर युरेनियम त्या गाळात पकडलं जातं.

जर्मनीत १९९० ते १९९४ दरम्यान खोदलेली ९,१०१ मीटरची केटीबी ही संशोधन विहीर याचा चांगला दाखला आहे. ती बहुतांशी रूपांतरित खडकांतूनच जाते. खोलीबरोबर उष्णतानिर्मिती सावकाश घटत जाते, अशी वक्ररेषा १९६८ नंतर पाठ्यपुस्तकांत रूढ झाली होती. विहिरीतल्या मोजमापात तशी वक्ररेषा दिसली नाही. नीस लागला की आकडा वर, बेसाल्टी मूळाचा खडक लागला की खाली. खोलीपेक्षा खडक महत्त्वाचा ठरला.

मूळ खडक ओळखायला ज्यांची हालचाल फारशी होत नाही अशी मूलद्रव्यं वापरा: अॅल्युमिनियम, टायटॅनियम, झिर्कोनियम. पोटॅशियम वापरू नका, कारण तेच हललं का हे आपल्याला शोधायचं आहे. अॅल्युमिनियम भरपूर आणि कॅल्शियम कमी असेल तर चिकणमातीचा गाळ, हा ढोबळ नियम बहुतेक ठिकाणी चालतो.

पायरी २: मूलद्रव्यं कुठल्या खनिजांत बसली आहेत

माझ्या मते संपूर्ण विषयाची किल्ली इथे आहे.

पोटॅशियम उघड्यावर असतं. शुभ्र अभ्रक, कृष्णाभ्रक आणि पोटॅश फेल्डस्पार ही खडकाची मुख्य खनिजं, आणि पोटॅशियम त्यांचाच घटक. युरेनियम आणि थोरियम मात्र लपलेले असतात. मोनाझाइट या फॉस्फेट खनिजात थोरियम साधारण ३ ते १० टक्के, कधी त्याहूनही जास्त. झिरकॉनमध्ये युरेनियम बहुधा शंभर ते हजार पीपीएमच्या (पीपीएम म्हणजे दहा लाखांत एक भाग) घरात. याशिवाय झेनोटाइम, अॅलनाइट, अॅपेटाइट, टायटनाइट, आणि क्वचित थोराइट किंवा युरेनिनाइटचे कण.

किती थोडं खनिज पुरतं ते बघा. सर्वसाधारण शेलमध्ये थोरियम १५ पीपीएमच्या आसपास असतं. ६ टक्के थोरियम असलेलं मोनाझाइट असेल, तर एक किलो खडकात जेमतेम पाव ग्रॅम मोनाझाइट हे सगळं थोरियम सांभाळू शकतं. खडकाच्या उष्णतेचा निम्मा वाटा त्या पाव ग्रॅमच्या हातात! त्यामुळे क्वार्ट्झ, फेल्डस्पार आणि अभ्रकाचं काय झालं याची गोष्ट कितीही नीट सांगितली, तरी मोनाझाइटचं काय झालं हे सांगितल्याशिवाय थोरियमची गोष्ट पूर्ण होत नाही.

युरेनियम आणि थोरियम यांच्या स्वभावात एक मूलभूत फरक आहे. थोरियम कायम चार संयुजेचं राहतं आणि साध्या पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. युरेनियम चार किंवा सहा संयुजेचं असू शकतं. सहा संयुजेचं झालं की ते पाण्यात सहज विरघळून वाहत जातं. शिवाय गाळात असताना त्यातलं बरंच युरेनियम कुठल्याच पक्क्या खनिजात नसतं. चिकणमातीच्या कणांवर, लोहाच्या ऑक्साइडवर, सेंद्रिय पदार्थांवर ते नुसतं चिकटलेलं असतं. खडक तापायला लागला आणि त्यातून पाणी बाहेर पडायला लागलं, की आधी हेच जातं.

पायरी ३: तापमान चढताना काय घडतं याचा क्रम मनात पक्का करा

चिकणमातीच्या गाळाचं उदाहरण घेऊ.

सुरुवातीला, साडेचारशे अंशांच्या खाली, चिकणमातीची खनिजं मोडून अभ्रक आणि क्लोराइट तयार होतात. पाणी बाहेर पडतं. सैल युरेनियमला पळवाट मिळते ती इथे, आणि पुढे पाणी असेपर्यंत अधूनमधून.

त्यानंतर, साधारण ४५० ते ५५० अंशांच्या आसपास, बऱ्याच पेलिटिक (चिकणमातीच्या गाळापासून झालेल्या) खडकांत मोनाझाइट वाढू लागतं. कॅल्शियम जास्त असेल तर त्याऐवजी अॅलनाइट तयार होतं आणि पुढे चढत्या तापमानाला तेही मोनाझाइटला जागा देऊ शकतं. विखुरलेलं थोरियम आता एका चिवट खनिजात गोळा होतं. म्हणजे रूपांतरणाने इथे थोरियम सैल केलं नाही, उलट बांधून ठेवलं.

साडेसहाशेच्या पुढे शुभ्र अभ्रक मोडतं, आणि ७५० ते ८५० अंशांच्या टप्प्यात कृष्णाभ्रक. खडक अंशतः वितळतो. हा टप्पा निर्णायक आहे, कारण दर्जेदार वाहक, म्हणजे शिलारस, आता उपलब्ध झालेला असतो. शिलारस निघून गेला तर काय काय घेऊन जाईल?

पोटॅशियम बरंचसं जाईल, पण सगळं नाही. उरलेल्या खडकात पोटॅश फेल्डस्पार किंवा शिल्लक कृष्णाभ्रक असेल तर ते मागे राहतं. युरेनियम शिलारसाला पसंती देतं. थोरियमचं उत्तर मोनाझाइट विरघळतं का यावर अवलंबून, आणि अॅल्युमिनियम मुबलक असलेल्या, कमी पाण्याच्या शिलारसात मोनाझाइट फार थोडं विरघळतं. त्यातून मोनाझाइटचे अनेक कण कृष्णाभ्रकाच्या किंवा गार्नेटच्या पोटात बंद असतात. शिलारस त्यांना स्पर्शही करू शकत नाही. मात्र तापमान फार चढलं, शिलारस भरपूर आणि पाणीदार झाला, किंवा मूळ खडकात मोनाझाइटऐवजी अॅलनाइट-अॅपेटाइट असतील, तर थोरियमही जातं.

म्हणून निसर्गात दोन्ही टोकं सापडतात. वायव्य स्कॉटलंडमधल्या लुइसियन संकुलातले स्कौरीचे ग्रॅन्युलाइट (फार उच्च तापमानाला रूपांतरित झालेले) नीस युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियमने स्पष्टपणे रिते झाले आहेत, आणि ‘रिकामं खालचं कवच’ ही कल्पना रुजण्यात अशा प्रदेशांचा मोठा हात आहे. याउलट मध्य ऑस्ट्रेलियातल्या रेनॉल्ड्स रेंजमध्ये, जिथे गाळाच्या खडकांचा पट्टा कमी पातळीपासून ग्रॅन्युलाइटपर्यंत चढत जाताना पाहता येतो, तिथे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उष्णतानिर्मिती घटलेली दिसली नाही. केरळच्या किनाऱ्यावरची मोनाझाइटने समृद्ध वाळूही हेच सांगते. तिला खनिज पुरवणाऱ्या खडकांमध्ये ग्रॅन्युलाइट पातळीचे खोंडालाइट (गाळापासून झालेले) आणि चार्नोकाइट (ग्रॅनाइटसारखे) खडक आहेत. म्हणजे मोनाझाइट ती भट्टी पार करून आलं आहे.

पायरी ४: क्षेत्रात योग्य पट्टा निवडा आणि गॅमा मोजा

सर्वांत उपयोगी पट्टा म्हणजे एकच मूळ खडक सलग पसरलेला आणि रूपांतरणाची पातळी एका टोकाकडून दुसऱ्याकडे चढत जाणारी. असा पट्टा मिळाला नाही तर निदान प्रत्येक पातळीवर सारख्या मूळाचे खडक शोधा. शिस्टची तुलना चार्नोकाइटशी करून ‘घट झाली’ असं लिहिलेलं मी वाचलं आहे. ती तुलना दोन वेगळ्या खडकांची होती, दोन पातळ्यांची नव्हती.

हातात धरायचा गॅमा वर्णपटमापक असेल तर काम खूप सोपं होतं. तो पोटॅशियम १.४६ दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्टच्या किरणांवरून थेट ओळखतो. युरेनियम मात्र तो प्रत्यक्ष मोजत नाही. त्याच्या साखळीतल्या बिस्मथ-२१४ चे १.७६ चे किरण मोजतो, आणि थोरियमसाठी थॅलियम-२०८ चे २.६१ चे. साखळीत समतोल आहे हे गृहीत धरून पुढचा आकडा दिला जातो. खडक झिजलेला असेल, रेडियम धुऊन गेलं असेल किंवा रेडॉन वायू निसटत असेल, तर युरेनियमचा आकडा फसवा निघतो. थोरियमच्या साखळीतले मधले दुवे अल्पायुषी असल्याने तिथे हा धोका फार कमी.

यंत्र वापरताना भूमितीकडे लक्ष द्या. अंशांकन सपाट, विस्तीर्ण पृष्ठभागासाठी केलेलं असतं. खोबणीत किंवा कड्याच्या पायथ्याशी ठेवलं तर चारी बाजूंनी किरण येऊन आकडा फुगतो. बाहेर आलेल्या टोकावर ठेवलं तर घटतो. सपाट, ताजा, किमान मीटरभर रुंदीचा उघडा खडक शोधा. एका जागी दोन ते पाच मिनिटं मोजा, कमी किरणोत्साराच्या खडकावर आणखी जास्त. पाऊस पडून गेल्यावर लगेच मोजू नका: हवेतल्या रेडॉनपासून झालेले कण पावसाबरोबर खाली येतात आणि काही तास युरेनियमचा आकडा वर जातो, तर जमिनीतला ओलावा उलट किरण शोषतो.

एका उघड्या खडकावर एकच मोजमाप करून पुढे जाऊ नका. मिग्मटाइटमध्ये (अंशतः वितळून गेलेल्या पट्टेदार खडकात) हातभर अंतरावर आकडा दुप्पट होतो. फिके पट्टे, गडद पट्टे आणि दोन्ही मिळून असलेला भाग, तिन्हींची वेगळी नोंद ठेवा. कुठल्या पट्ट्याने किती जागा व्यापली आहे हेही लिहून घ्या. एकूण खडकाचा हिशेब त्याशिवाय जमत नाही.

पायरी ५: नमुना

नमुना मोठा घ्या. पट्टेदार नीससाठी मूठभर तुकडा पुरत नाही. पट्ट्याच्या जाडीच्या कित्येक पट मोठा, काही किलोंचा ठोकळा लागतो.

कारण समजून घेतलं की कंटाळा येत नाही. १०० मायक्रॉन व्यासाचा मोनाझाइटचा एक कण सुमारे २.७ मायक्रोग्रॅम वजनाचा असतो. त्यात ६ टक्के थोरियम धरलं तर ०.१६ मायक्रोग्रॅम. प्रयोगशाळेत विश्लेषणासाठी १०० मिलिग्रॅम भुकटी घेतली आणि खडकात थोरियम १५ पीपीएम असेल, तर त्या भुकटीत एकूण थोरियम १.५ मायक्रोग्रॅम. म्हणजे असा एक कण चुकून जास्त आला किंवा कमी आला तर उत्तर दहा टक्क्यांनी हलतं. भुकटी अगदी बारीक करणं आणि प्रत्येक टप्प्यावर नीट मिसळून वाटणी करणं याला पर्याय नाही.

पायरी ६: पातळ छेद बघा

पातळ छेद म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा खडकाचा अगदी पातळ काप. हे टाळून थेट आकड्यांकडे जाण्याचा मोह होतो. तो आवरा.

कृष्णाभ्रकात गडद कडी दिसली की तिच्या मध्यभागी किरणोत्सारी कण आहे हे समजायचं. अल्फा कणांनी अभ्रकाची जाळी बिघडवून ते कडं केलेलं असतं. कण झिरकॉनचा आहे की मोनाझाइटचा हे पाहा. नंतर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली परावर्तित इलेक्ट्रॉनांच्या प्रतिमेत संपूर्ण छेद तपासा, कारण जड मूलद्रव्यांचे कण तिथे ठिपक्यांसारखे चमकतात आणि सुटत नाहीत.

प्रत्येक कणाबद्दल दोनच प्रश्न विचारा. तो दुसऱ्या खनिजाच्या पोटात आहे की कणांच्या सीमेवर उघडा आहे? आणि त्याची कड शाबूत आहे की खाल्ली गेली आहे? गार्नेटच्या पोटात धडधाकट मोनाझाइट आणि सीमेवरचे कण कुरतडलेले, असं चित्र दिसलं तर थोरियम काही अंशीच गेलं असं म्हणायला आधार मिळतो. मोनाझाइटभोवती अॅपेटाइट आणि अॅलनाइटचं वलय दिसलं तर तो बहुधा परतीच्या प्रवासात, म्हणजे खडक थंड होताना, शिरलेल्या पाण्याचा परिणाम आहे. त्या वेळी युरेनियम हललेलं असू शकतं, आणि त्याचा शिलारसाशी संबंध नाही.

पायरी ७: प्रयोगशाळेत काय मागायचं

पोटॅशियमसाठी क्ष-किरण प्रतिदीप्ती पुरेशी आहे. तिचा निकाल ऑक्साइडच्या रूपात येतो, त्याला ०.८३ ने गुणलं की मूलद्रव्याची टक्केवारी मिळते. हा गुणाकार विसरल्याने होणारी चूक आश्चर्य वाटावं इतकी सर्रास आढळते.

युरेनियम आणि थोरियमसाठी आयसीपी-एमएस हे वस्तुमान-वर्णपटमापनाचं तंत्र वापरतात. इथे खडक विरघळवण्याची पद्धत आवर्जून विचारा. उघड्या भांड्यातल्या आम्लांत झिरकॉन पूर्ण विरघळत नाही, आणि त्याच्यातलं युरेनियम न विरघळलेल्या भागात तसंच राहतं. मग आकडा कमी येतो आणि आपण त्याला ‘ग्रॅन्युलाइटमधली घट’ समजून बसतो. लिथियम बोरेटबरोबर वितळवून काच केलेला नमुना किंवा बंद, उच्च दाबाच्या भांड्यात विरघळवलेला नमुना मागा. खात्री करायची असेल तर आयसीपी-एमएसचं झिर्कोनियम क्ष-किरणांच्या झिर्कोनियमशी ताडून पाहा. ते कमी आलं असेल तर झिरकॉन विरघळलं नाही आणि युरेनियमचा आकडाही विश्वासार्ह नाही.

पायरी ८: उष्णतानिर्मिती काढा

सूत्र असं:

उष्णतानिर्मिती = घनता × (९.५२ × युरेनियम + २.५६ × थोरियम + ३.४८ × पोटॅशियम) ÷ १,००,०००

घनता किलोग्रॅम प्रति घनमीटर, युरेनियम आणि थोरियम पीपीएममध्ये, पोटॅशियम वजनी टक्क्यांत. उत्तर मायक्रोवॅट प्रति घनमीटर.

सरासरी शेलसारखा खडक घेऊ: युरेनियम ३.१, थोरियम १४.६, पोटॅशियम ३.०७, घनता २,७००. कंसातली तीन पदं अनुक्रमे २९.५, ३७.४ आणि १०.७ येतात. उत्तर २.०९ मायक्रोवॅट. वाटे बघा: थोरियम ४८ टक्के, युरेनियम ३८, पोटॅशियम १४. उष्णतेचा सर्वांत मोठा वाटा देणारं मूलद्रव्यच सर्वांत कमी हलणारं आहे.

अचूकतेचा अंदाजही यातूनच येतो. युरेनियममध्ये ०.३ पीपीएमची चूक म्हणजे सुमारे ०.०८ मायक्रोवॅट, थोरियममध्ये १ पीपीएमची चूक म्हणजे ०.०७. पोटॅशियममध्ये ०.१ टक्क्याची चूक ०.०१ च्याही आत. वेळ आणि पैसा युरेनियम-थोरियमवर खर्च करा.

पायरी ९: वस्तुमानाचा हिशेब, आणि इथेच बहुतेक जण घसरतात

खडकातून शिलारस निघून गेला की उरलेला खडक लहान होतो. जे मागे राहिलं त्याचं प्रमाण आपोआप वाढतं. माझ्या त्या नीसमध्ये थोरियम शेलपेक्षा जास्त का होतं, त्याचं उत्तर हेच.

वरच्याच शेलमधून वजनाने २० टक्के शिलारस गेला असं माना. थोरियम सगळं मागे राहिलं, युरेनियम निम्मं गेलं. उरलेल्या खडकात थोरियम १४.६ भागिले ०.८, म्हणजे १८.२५ पीपीएम. युरेनियम १.५५ भागिले ०.८, म्हणजे १.९४. पोटॅशियम २.६ टक्के धरू. गार्नेट वाढल्यामुळे घनता २,८५०. सूत्रात घाला: २.१२ मायक्रोवॅट प्रति घनमीटर.

मूळ खडक २.०९, उरलेला २.१२. निम्मं युरेनियम गेलं आणि तरी घनमीटरमागची उष्णतानिर्मिती हललीच नाही.

आता दुसरी बाजू. सुरुवातीच्या एका घनमीटरचं वजन २,७०० किलो. त्यातले २,१६० किलो उरले, आणि नव्या घनतेला त्यांनी ०.७६ घनमीटर जागा व्यापली. एकूण उष्णता १.६० मायक्रोवॅट, म्हणजे मूळच्या २.०९ पेक्षा जवळजवळ पाव हिस्सा कमी. तो पाव हिस्सा शिलारसाबरोबर वर गेला. घनमीटरमागे काही घटलं नाही हे खरं, आणि एकूण साठा घटला हेही खरं. अहवालात यापैकी काय म्हणायचं आहे ते स्पष्ट लिहा. तापमानाच्या गणितासाठी घनमीटरमागचा आकडा लागतो. कवचाच्या रासायनिक विभागणीबद्दल बोलायचं असेल तर एकूण साठा.

शिलारस किती गेला हे कसं कळणार? न हलणाऱ्या मूलद्रव्याची वाढ मोजा. अॅल्युमिनियम आणि टायटॅनियम वेगवेगळी वापरून उत्तर जुळतं का ते पाहा. एकावर विसंबू नका. थोरियम-युरेनियम गुणोत्तर हा आणखी एक चांगला साक्षीदार. कवचात ते साधारण ४ च्या आसपास असतं. वरच्या उदाहरणात शेलमध्ये ४.७ होतं, उरलेल्या खडकात ९.४ झालं. गुणोत्तर चढलं आणि थोरियमही चढलं, तर शिलारसाने युरेनियम नेलं. गुणोत्तर चढलं पण थोरियम, अॅल्युमिनियम जागेवरच, तर युरेनियम पाण्याने आधीच नेलं असण्याची शक्यता जास्त. दोन्ही मूलद्रव्यं एकत्र घटली आणि गुणोत्तर फारसं बदललं नाही, तर आधी पायरी १ कडे परत जा: मूळ खडकच वेगळा नाही ना?

पायरी १०: काळ मागे न्या

आज मोजलेला आकडा आजचा आहे. रूपांतरण झालं तेव्हा ही मूलद्रव्यं जास्त होती. ५० कोटी वर्षांपूर्वीसाठी युरेनियमचं पद १.१० ने, थोरियमचं १.०२ ने आणि पोटॅशियमचं १.३२ ने गुणा. वरच्या शेलसाठी वाढ सुमारे दहा टक्के. २.५ अब्ज वर्षांपूर्वीसाठी हेच गुणक १.९, १.१३ आणि ४.० होतात, आणि २.०९ चे ३.८ मायक्रोवॅट होतात. आर्कियन (२.५ अब्ज वर्षांहून जुन्या) खडकांवर काम करताना ही दुरुस्ती सोडली तर तेव्हाचं कवच इतकं गरम कसं झालं याचं कोडं विनाकारण अवघड होऊन बसतं.

पायरी ११: तापमानात रूपांतर करा

शेवटी खडक तापतो तो किती? मूलद्रव्यं किती आहेत याइतकंच ती किती खोलीवर आहेत हे इथे महत्त्वाचं ठरतं.

१० किलोमीटर जाडीचा, २ मायक्रोवॅट निर्माण करणारा थर घ्या. तो दर चौरसमीटरला २० मिलिवॅट देतो. हा थर पृष्ठभागापासून सुरू होत असेल आणि उष्णतावाहकता २.५ वॅट प्रति मीटर प्रति केल्विन असेल, तर स्थिर स्थितीत थराखालच्या सगळ्या कवचाचं तापमान त्याच्यामुळे ४० अंशांनी वाढतं. तोच थर २० ते ३० किलोमीटर खोलीवर गाडा: थराखालची वाढ २०० अंश. मूलद्रव्यं तीच, पाचपट परिणाम. गणित साधं आहे: थराची एकूण उष्णता गुणिले थराच्या मध्याची खोली, भागिले वाहकता.

यासाठी वेळही लागतो. उष्णता बाहेर न पडता साठत राहिली तर २ मायक्रोवॅटचा खडक दर दहा लाख वर्षांत २३ अंशांच्या आसपास तापेल, पण प्रत्यक्षात उष्णता वाहत राहते. ३५ किलोमीटरचं कवच नव्या समतोलाला यायला काही कोटी वर्षं जातात. पर्वतरचनेत शेलसारखे खडक खोल गाडले गेले आणि वरची धूप सावकाश होत राहिली, तर प्रावरणातून जादा उष्णता न येताही ग्रॅन्युलाइटचं तापमान गाठता येतं. त्यासाठी आणखी एक अट असते: खडक तापत असताना मोनाझाइटने आपलं थोरियम सोडता कामा नये. पायरी ६ मध्ये पाहिलेल्या त्या गार्नेटच्या पोटातल्या कणांकडे परत जा, त्यांचं युरेनियम-शिसे वय काढा, आणि तापमानाच्या शिखराच्या आधीची वयं त्यांच्यात टिकली आहेत का ते पाहा. टिकली असतील, तर ते कण सबंध तापण्याच्या काळात तिथेच होते.